शेवाळ खाणारा मासा आणायच्या आधी

सांगलीच्या विश्रामबागेतून एकांनी विचारलंय: दोन फुटी टाकी आहे, त्यात तीन गोल्डफिश आणि चार मॉली. पाणी बोअरचं. टाकी हॉलमध्ये खिडकीसमोर ठेवलीय. काच घासली की दहा-बारा दिवसांत पुन्हा हिरवा थर येतो आणि आता फिल्टरच्या नळीवर काळे झुपकेही दिसायला लागलेत. दुकानदार म्हणतो, दोन सकर टाका, टाकी आपोआप साफ राहील. तर शेवाळ खाणारा कोणता मासा घ्यावा, किती घ्यावेत आणि मग घासाघाशीतून सुटका होईल का?

मी सांगली, मिरज, कुपवाडमधल्या घरांतल्या आणि दवाखान्यांतल्या टाक्या लावून देतो आणि सांभाळतो. हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. उत्तर मात्र दर वेळी थोडं बदलतं, कारण पाणी वेगळं असतं, टाकीचं माप वेगळं असतं, आत कोण राहतंय ते वेगळं असतं. तुम्ही दिलेल्या माहितीवरून एवढं मात्र ठामपणे सांगतो की तुमच्या टाकीत आज एकही नवा मासा टाकू नका. सकर तर नकोच. आणि घासण्यातून पूर्ण सुटका देणारा मासा अजून तरी मी पाहिलेला नाही.

आता कारणं. शेवाळ कोण खाईल, हे शोधण्याआधी शेवाळाला कोण खाऊ घालतंय ते बघायला हवं. शेवाळाला उजेड लागतो आणि खत लागतं. टाकीतलं खत म्हणजे माशांची विष्ठा आणि तळाशी कुजणारं उरलेलं खाणं. त्यातून अमोनिया तयार होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्यात साठत राहतं, साधा फिल्टर ते काढू शकत नाही. घरच्या टाकीतून ते बाहेर जातं मुख्यतः दोन वाटांनी: पाणी बदलताना बादलीतून, नाहीतर वाढणाऱ्या वनस्पतीच्या पानामुळांत. शेवाळ खाणारा मासा काचेवरचं शेवाळ खातो आणि त्याच पाण्यात विष्ठा सोडतो, म्हणजे खत आतल्या आतच फिरतं. शिवाय नुसत्या शेवाळावर त्याचं भागत नाही म्हणून त्याला वेगळं खाणं घालावं लागतं, ती भर वेगळीच. रानात तण माजलं म्हणून शेळी बांधायची आणि रोज युरियाही फेकत राहायचं, तसं ते होतं.

तुमच्या टाकीचा हिशेब करू. दोन फुटी टाकी बहुधा २४ बाय १२ बाय १२ इंचांची असते. काठोकाठ भरली तर ५६ लिटर, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर जेमतेम ४५ लिटर. गोल्डफिशला जठर नसतं. तो दिवसभर चरतो आणि दिवसभर घाण करतो. गोलमटोल फॅन्सी जातीचा गोल्डफिशसुद्धा १५ सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि लांबट कॉमेट जातीचा तर त्याहून बराच मोठा होतो. तीन गोल्डफिशनीच ही टाकी भरलेली आहे. त्यात दोन सकर म्हणजे खताचा आणखी एक कारखाना.

सकरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे ‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून हाच हातात दिला जातो. दुकानात तो बोटाएवढा असतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा पूर्ण वाढल्यावर ४० सेंटिमीटर आणि त्याहूनही मोठा होतो, तुमच्या टाकीची रुंदी आहे ३० सेंटिमीटर. लहानपणी तो शेवाळ खरंच खातो, त्यामुळे पहिले काही महिने दुकानदाराचं म्हणणं पटतं. मोठा झाला की तळाशी पडलेल्या गोळ्या खायची सवय लागते आणि काचेकडे तो फिरकेनासा होतो. उपाशी राहिला तर रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटतो. गोल्डफिश हळू पोहतो, अंग पसरट, त्यावर बुळबुळीत थर भरपूर. तो थर खरवडला गेला की तिथे लाल चट्टा पडतो आणि मग बुरशी धरते. मालकाला वाटतं रोग आला म्हणून तो औषध टाकतो. तुमच्यासारख्या गोल्डफिशच्या टाकीतल्या अशा चट्ट्यांचं मूळ मला बहुतेक वेळा सकरमध्येच सापडलंय.

दुसरा, सोनेरी रंगाचा, लांबट, काचेला तोंड चिकटवून बसणारा मासा. त्याला दुकानात नुसतंच ‘अल्गी ईटर’ म्हणतात, खरं नाव चायनीज अल्गी ईटर. दिसायला देखणा आहे. त्याच्या कल्ल्याला वरच्या बाजूला वेगळं छिद्र असतं, त्यातून तो पाणी आत घेतो. त्यामुळे वाहत्या ओढ्यात तोंडानं दगड घट्ट धरून ठेवूनही त्याला श्वास घेता येतो. लहान असताना काम चांगलं करतो. पण हाताएवढा व्हायला लागला की टाकीत दादागिरी सुरू करतो, इतरांचा पाठलाग करतो, पसरट माशांना चिकटतो. गोल्डफिशसोबत हाही नको.

मग तुम्ही करायचं काय? आधी उजेड. खिडकीतून येणारं ऊन सर्वांत महत्त्वाचं. टाकीवर थेट ऊन पडत असेल तर बाकीचे सगळे उपाय अपुरे पडतात. जागा बदलता येत असेल तर बदला, पण भरलेली टाकी चुकूनही उचलू नका. जागा बदलणं शक्य नसेल तर खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा. टाकीचा दिवा दिवसातून सहा ते आठ तास पुरे. मी बहुतेक घरांत साधा टायमर लावून दुपारी चार ते रात्री दहा अशी वेळ ठेवतो, कारण त्या वेळी घरातली माणसं टाकीसमोर बसतात. सकाळी लावलेला दिवा रात्री झोपताना बंद करायचा, ही पद्धत घरोघरी दिसते आणि निम्मं शेवाळ तिथूनच येतं.

मग खाणं. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका आणि घरातल्या एकाच माणसाकडे ते काम द्या. पोरं टाकतात, आजोबा टाकतात, पाहुणे आले की तेही टाकतात आणि गोल्डफिश प्रत्येकासमोर भुकेलेलाच दिसतो. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तर माशांचं काही बिघडत नाही.

पाण्याबद्दल मात्र सांगलीपुरतं वेगळं बोलायला हवं. दर आठवड्याला एक बादली, म्हणजे १२ ते १५ लिटर पाणी नळीनं तळातून, खडीतला गाळ ओढत काढायचं आणि तेवढंच नवं भरायचं, हा नेहमीचा नियम. पण नवं पाणीच खत घेऊन येत असेल तर? आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं युरिया पडलाय, पाणी भरपूर दिलं जातं आणि ते मुरत खाली जातं. अशा भागातल्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट असू शकतं. तेव्हा नायट्रेट तपासायच्या पट्ट्या आणा आणि टाकीतलं पाणी तपासण्याआधी बोअरचं तपासा. दोन्हीकडे सारखाच आकडा आला तर पाणी बदलूनही शेवाळ का हटत नाही, ते तिथेच कळेल. तसं असेल तर महापालिकेचं नळाचं पाणी वापरा किंवा निम्मं निम्मं मिसळा. नळाच्या पाण्याला अँटीक्लोरीनचे थेंब टाका. ते नसतील तर बादली उघडी ठेवून त्यात एअर पंपची नळी सोडा आणि २४ तासांनी वापरा. पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा थेंब टाकायला विसरू नका.

पावसाचं पाणी गच्चीवरून धरून वापरणारेही मला भेटतात. पहिले काही पाऊस जाऊ द्या आणि मग थोडं थोडं मिसळून वापरा. ते मऊ पाणी असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. एकदम निम्मी टाकी त्यानं भरली तर मासे हबकतात आणि तुमच्या मॉलींना तर क्षाराचंच पाणी मानवतं.

काच घासायची ती पाणी बदलायच्या आधी, म्हणजे सुटलेलं शेवाळ गाळाबरोबर बाहेर जातं. जुनं एटीएम कार्ड उत्तम चालतं. कोपऱ्यातल्या सिलिकॉनला मात्र ब्लेड लावू नका. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर क्लोरीननं त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि सगळं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

आणखी एक उपाय मला फार आवडतो, तो मनी प्लांटचा. घरात वेल असेलच. दोन-तीन फांद्यांची मुळं टाकीच्या पाण्यात सोडायची, पानं बाहेर. मुळं नायट्रेट खेचून घेतात आणि वेल जोमानं वाढतो. गोल्डफिश मुळं थोडी कुरतडतो, पण वेल त्याला पुरून उरतो.

हे सगळं केल्यावर चार ते सहा आठवडे द्या. फरक लगेच दिसत नाही, कारण साठलेलं खत संपायला वेळ लागतो.

आता शेवाळाचे प्रकार, कारण मासा निवडताना लोक इथेच फसतात. नव्या टाकीत काचेवर आणि खडीवर तपकिरी धूळ बसते, बोट फिरवलं की निघते. टाकी मुरली, म्हणजे फिल्टरमधले जिवाणू रुळले, की ती बहुधा आपोआप कमी होते. मऊ हिरवा थर बरेच मासे खातात. काचेवरचे कडक हिरवे ठिपके माशांना खरवडत नाहीत, ते कार्डानंच काढावे लागतात, नाहीतर नेराइट गोगलगायीवर सोपवावे लागतात. निळसर हिरवी, बुळबुळीत, चादरीसारखी निघणारी आणि घाण वासाची जी वाढ असते ते मुळात शेवाळ नसून जिवाणू असतात, कुठलाही मासा त्यांना तोंड लावत नाही. अख्खं पाणीच हिरवं झालं असेल तर तेही माशाचं काम नाही. टाकी तीन-चार दिवस कापडानं झाकून पूर्ण अंधारात ठेवायची, हवा चालू ठेवायची आणि मग पाणी बदलायचं.

तुमच्या नळीवरचे काळे झुपके हा चिवट प्रकार. ते फार थोडे मासे खातात, त्यात नाव घ्यावं असा सयामीज अल्गी ईटर. दुकानात त्याच्या नावानं फ्लाइंग फॉक्स दिला जातो, तो तसाच दिसतो पण झुपके खात नाही. ओळखायची खूण अशी: खऱ्या सयामीजच्या अंगावरचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो आणि त्याची कड ओबडधोबड असते. फ्लाइंग फॉक्सच्या पट्ट्याची कड सरळ असते आणि त्यावर सोनेरी रेघ असते. पण सयामीज १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, वेगानं पोहतो, उडीही मारतो. त्याला तीन फुटी टाकी आणि झाकण हवं. तुमच्या टाकीसाठी सोपा उपाय म्हणजे नळी बाहेर काढून टूथब्रशनं घासणं. प्लास्टिकच्या झाडांचंही तसंच.

पुढेमागे तीन फुटी टाकी घेतलीत, ३६ बाय १५ बाय १८ इंचांची म्हणजे जवळपास १६० लिटरची, आणि गोल्डफिशऐवजी बार्ब, टेट्रा, मॉली असे मासे ठेवलेत, तर मी एक ब्रिसलनोज घ्या म्हणेन. हा सकरचाच भाऊबंद, पण १२-१५ सेंटिमीटरवर थांबतो. नराच्या तोंडावर काट्यांसारखे केस फुटतात, ते बघून घाबरू नका. त्याला टाकीत लाकडाचा ओंडका लागतो, तो तो खरवडतो. एकच घ्या, दोन नर एका जागेसाठी भांडतात. मॉली हीसुद्धा शेवाळ खाणारी चांगली मासळी आहे, तिला कोणी त्या यादीत धरत नाही एवढंच. दिवसभर काचेवर, पानांवर टोचे मारत असते. तुमच्याकडे चार आहेत, म्हणजे शेवाळ खाणारे मासे तुमच्याकडे आधीपासूनच आहेत. त्यांना खाणं थोडं कमी घातलंत तर त्या जास्त काम करतील.

ऑटोसिंक्लस नावाचा चार-पाच सेंटिमीटरचा लहानगा मासा चित्रफितींमध्ये सगळे सुचवतात. मासा गुणी आहे, पण तो बहुधा नदीतून पकडून आणलेला, प्रवासात उपाशी राहिलेला असतो आणि नव्या, स्वच्छ टाकीत त्याला खायला काही मिळत नाही. घ्यायचाच तर पोट भरलेला बघून घ्या, पाच-सहा एकत्र घ्या आणि निदान काही महिने मुरलेल्या टाकीतच सोडा. शिवाय एप्रिल-मेमध्ये सांगलीत टाकीचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि ऑटोसिंक्लससारखे मासे तिथेच कोलमडतात. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असावा.

नेराइट गोगलगाय मागवावी लागते, पण सांगलीच्या क्षाराच्या पाण्यात ती चांगली राहते, कारण शंखाला कॅल्शियम मिळतं. साताऱ्यात कास तलावाचं पाणी येतं त्या घरांत मात्र ते मऊ पाणी शंखाला मानवत नाही, शंख झिजतो. गोड्या पाण्यात तिची पिल्लं जगत नाहीत, त्यामुळे टाकी गोगलगायींनी भरून जाईल ही भीती नको. काचेवर पांढरे ठिपक्यांसारखे अंडी चिकटवते, तेवढं सहन करावं लागतं. तुमच्या टाकीत दोन चालतील, गोल्डफिश त्यांच्या मिशा टोचतात का ते पहिले काही दिवस बघा.

कृष्णा-कोयनेच्या ओढ्यांत दगडाला चिकटून शेवाळ खाणारा मळ्या काही जण धरून आणतात. साईक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये ज्याची शास्त्रीय नोंद केली, तोच हा आपला देशी मासा. त्याला खळाळतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. दोन फुटी शांत टाकीत तो तग धरत नाही, त्याला ओढ्यातच राहू द्या.

एक कळकळीची सूचना. आपला भाग द्राक्षांचा, घरात मोरचूद असतं आणि शेवाळावर मोरचूद चालतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. टाकीत चिमूटभरही टाकू नका. मोरचुदातल्या तांब्यानं गोगलगायी, झिंगे आधी मरतात आणि मासेही वाचतीलच असं नाही. मऊ पाण्यात ते जास्तच घातक ठरतं. बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीची) बादली टाकीसाठी वापरू नका, धुतलेली असली तरी.

ज्यांच्याकडे असे मासे आधीच आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं की शेवाळ संपल्यावर ते उपाशी मरतात. रात्री दिवा बंद झाल्यावर काकडीची किंवा दोडक्याची फोड, हलकी उकडून, चमच्याला अडकवून तळाशी ठेवा आणि सकाळी उरलेली काढून घ्या. फवारणीची शंका असेल तर साल काढा.

आणि मोठा झालेला सकर. तो टाकीत मावेनासा झाला की लोक पिशवीत घालून नदीवर नेतात. तसं अजिबात करू नका. हा मासा पोटातून हवाही घेऊ शकतो, त्यामुळे घाणेरड्या, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तगतो. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, अंगावर चिलखत असल्यामुळे त्याला खाणारंही फारसं कोणी नसतं. आंध्र-तेलंगणात याच कृष्णेच्या खालच्या पात्रातले मच्छीमार त्याच्या काट्यांनी फाटलेली जाळी घेऊन बसलेत. विहीर आणि शेततळंही नको, पूर आला की तेही नदीला मिळतात. मोठी टाकी असलेल्या माणसाला द्या किंवा दुकानात परत देता येतो का विचारा, बरेच दुकानदार घेतात. पकडताना जाळी वापरू नका. त्याचे पंखांचे काटे जाळीत अडकतात, मग सोडवताना त्याचा पंखही मोडतो आणि तुमचा हातही फाटतो. प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरा, त्याला हळूच आत ढकला आणि डबा पाण्यासकट उचला.